दोन आटे उघडा

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. गणपतीमामांस,
सप्रेम जय भीम.

फोनवर ओरडून घसा बसला, म्हणून कागद घेतला. मी इकडून ओरडते, मामी तुमच्या कानाशी ओरडते आणि शेवटी तुम्ही म्हणता, "व्हय व्हय, जेवलो की." मी चुन्याच्या वॉल्वबद्दल विचारत होते.

तुम्ही जिथे चौतीस वर्षं काढलीत त्याच कारखान्यात मला आता सात महिने झाले. पुढच्या हंगामाआधी चुन्याचं स्टेशन नव्याने बांधायचंय आणि तिथले सगळे वॉल्व निवडायचं काम आमच्या विश्वजित साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. उसाच्या रसात चुन्याचं दूध सोडलं की गाळ तळाला बसतो, हे कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं. त्या दुधात बारीक खडे असतात आणि पाइप पंधरा मिनिटं थांबला की ते आत घट्ट बसतात, हे कुणी शिकवलं नाही. इथे शाहूपुरीत तीन दुकानं फिरले. प्रत्येक जण प्रत्येक वॉल्वला "हाच घ्या" म्हणतो. संध्याकाळी खोलीवर येते तेव्हा पायांत आणि डोक्यात काही शिल्लक नसतं.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. आत्ता आहे तसाच चाकाचा गेट वॉल्व, ज्यात पोलादी पाट वरून खाली येतो. नाहीतर बॉल वॉल्व, ज्यात भोकाचा गोळा फिरतो आणि दांडी आडवी झाली की बंद. किंवा पिंच वॉल्व, म्हणजे रबराची जाड नळी आणि तिला बाहेरून दाबून बंद करायचं. कुठला घ्यायचा हे एका गोष्टीवर ठरतं. माणसं तो वॉल्व दिवसातून किती वेळा आणि किती बंद करतात?

त्याचं उत्तर मला स्टोअरमध्ये मिळालं. तुमच्या वह्या! पंचवीस वर्षांच्या. दर तासाला एक ओळ, "वॉल्व पूर्ण बंद केला. पाणी मारले. पूर्ण उघडला. ग.कां." लहानपणी आई तुमच्या वहीचं पान समोर ठेवून माझ्याकडून आकडे गिरवून घ्यायची, आठवतं? मी ते सातचे आकडे लगेच ओळखले. स्टोअरकीपरला सांगितलं, हे माझे मामा. तो उठून उभा राहिला.

तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. आणि वरची चुन्याच्या भुकटीची टाकी कशी असावी तेही सांगा. आणखी एक. वॉल्वशेजारी खिळ्याला एक बारदान टांगलेलं असतं. तिथला ऑपरेटर सम्राट, चाळिशीचा कमी बोलणारा माणूस, त्याला विचारलं तर म्हणाला, "असतंय की मॅडम, पयल्यापासनं." कशासाठी असतं ते?

१० फेब्रुवारीला माझ्या सहीने यादी जाणार आहे. पहिलीच सही. भीती वाटते.

तुमची,
दीक्षा


गारगोटी
१२ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
गणपतीमामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने चारदा वाचून घेतलं आणि वर मला विचारते, पोरगी वाळली का हो तिकडं. पत्रातून कसं कळणार? तरी चपात्यांबरोबर भात खात जा. मला आता कानाने काही कळत नाही, पंपांनी आणि वाफेने कान खाल्ले. घरात शांतता फार आहे. सुरुवातीला बरी वाटली, आता तिचाच कंटाळा येतो. पेन्शनरांच्या कट्ट्यावर जातो, सगळे हसतात तेव्हा मीही हसतो.

आधी भुकटीचं सांगतो. चुनकळीची भुकटी वरच्या टाकीतून खाली पाण्यात पडते. पाण्यात पडली की उकळते, वाफ निघते आणि वाफ वरच चढणार. ती टाकीच्या तोंडाशी असलेल्या वॉल्वला लागते, भुकटी ओली होते आणि पात्याला दगडासारखी धरते. आम्ही मग हातोडा घेऊन टाकी बडवायचो. त्या टाकीचं पोट बघून ये, जागा राहिली नाही एवढे पोचे आहेत. लोक वॉल्वला शिव्या देतात. खरा दोष वाफेचा आहे. वाफेला बाजूने वेगळी वाट दे, पंख्याने ओढून घे, आणि वॉल्व पाण्यापासून हातभर वर ने. मग कुठलाही चांगला फिरत्या पात्यांचा वॉल्व चालेल. दुकानदाराला हे विचारलंस तर तो चहा मागवेल.

वह्यांचं काय सांगायचं. जुन्या गोष्टी त्या. लिहिलंय ते लिहिलंय. त्या वह्यांबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, 'उत्कृष्ट नोंदी' म्हणून, ते अजून चालतंय.

बारदान हात पुसायला.

सहीची भीती बाळगू नकोस. सही म्हणजे शेवटी नावच असतं. आईला माझा निरोप सांग. थंडी आहे, मफलर बांध.

तुझा मामा,
गणपती


शाहूपुरी
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

वाफेची वाट बैठकीत मांडली आणि विश्वजित साहेब पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, गारगोटीच्या. भुकटीचा प्रश्न मिटला. टाकीचं पोटही बघून आले, मला तर तिची दया आली.

चुन्याच्या दुधासाठी बॉल वॉल्व नक्की केला आहे. कारण सांगते. बॉल वॉल्वच्या गोळ्याभोवती थोडी पोकळी असते. गोळा अर्धवट उघडा राहिला तर खडे त्या पोकळीत बसतात, कड घासून खातात आणि पंधरा दिवसांत दांडी हलत नाही. पण दर तासाला पूर्ण बंद, पाणी, पूर्ण उघडा असं चालत असेल तर तो साफ राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पिंच वॉल्वची रबरी नळी मात्र दर हंगामाला बदलावी लागते, ती कटकट साहेबांना नको आहे. त्यांनी विचारलं, "तासाला पूर्ण बंद करतात हे कशावरून?" मी तुमच्या तीन वह्या टेबलावर ठेवल्या. पुढे कुणी काही विचारलं नाही.

आणखी एक फायदा आहे. दांडी आडवी म्हणजे बंद, हे लांबूनही दिसतं. खालचा पंप दुरुस्तीला काढायचा तर फिटरने नुसतं वर बघायचं आणि बिनधास्त जोड सोडायचा.

सम्राटला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी म्हंता तर बरंच असंल." बारदानाचं पुन्हा विचारलं, तर तोही म्हणाला, हात पुसायला. पण मामा, त्या बारदानावर हाताचा एकही डाग नाही. मधोमध चुन्याचं मोठं पांढरं वर्तुळ आहे, जोडाच्या मापाचं. असो, मी फार थकले आहे, त्यामुळे मला सगळीकडे काहीतरी दिसत असेल.

१० तारखेला सही करते. घड्याळाला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
दीक्षा


गारगोटी
४ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास,
जय भीम.

दोन वेळा पत्र लिहून पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. मामीला वाटलं, पोटात बिघाड झाला. तिने ओवा दिला.

सही करू नकोस.

त्या वह्या खोट्या आहेत. सगळ्या नाहीत म्हणायला जीभ उचलते, पण सगळ्याच. पाळीवर गेलो की चहाच्या आधी बसायचं आणि आठ तासांच्या आठ ओळी एका बैठकीत लिहून टाकायच्या. म्हणून तर अक्षर इतकं सारखं आलंय, एका ओळीतही हात थरथरलेला नाही. तू इंजिनियर आहेस, त्यावरून तुला कळायला पाहिजे होतं. पण तुला कुठलं कळणार, तू त्यावरच गिरवायला शिकलीस.

खरं असं आहे. तो वॉल्व आम्ही कधी पूर्ण बंद केलाच नाही. माझ्या पहिल्याच हंगामात नियमाप्रमाणे बंद केला, खडे खालच्या खाचेत बसले आणि पाट वर येईना. तीन तास गाळप थांबलं. मला सगळ्यांदेखत इतकं बोलले की आजही आठवलं तर मान खाली जाते. त्यानंतर जुन्या माणसांनी शिकवलं, "दोन आटे उघडा ठेवत जा. अडकायचा न्हाई, आन कुनाला कळायचं बी न्हाई." चाक फिरवत आणायचं आणि शेवटचे दोन आटे सोडून द्यायचे. मीही पुढच्याला तेच शिकवलं. त्याने सम्राटला शिकवलं असणार. वहीत मात्र रकाना होता 'पूर्ण बंद', म्हणून आम्ही पूर्ण बंद लिहीत गेलो.

आता बारदान. दोन आटे उघडा म्हणजे खाली चुना गळणारच. पंप काढायचा असला की जोडाला आधी बारदान गुंडाळून बांधायचं, मग बोल्ट सोडायचे. उडालं तर बारदानावर उडतं. हे आम्हाला ठाऊक. कुठे लिहिलेलं नाही.

२००९ साली बाहेरून एक फिटर आला. त्याला सगळे आण्णा म्हणत, आमच्या गारगोटीकडचाच. त्याने वही बघितली. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, दहा वाजता पूर्ण बंद. त्याने जोड सोडला. उजवा हात कोपरापर्यंत आणि अर्धी मान भाजली. डोळे वाचले, तेवढं नशीब. चौकशीत वही मागवली. वही बोलली, वॉल्व बंद होता. म्हणजे चूक आण्णाची, घाईने काम केलं. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. त्याच वर्षी मला घड्याळ मिळालं.

तो बाजारात भेटतो. डाव्या हाताने नमस्कार करतो, कारण उजवा मिटत नाही. मीही करतो.

तू लिहिलंस, दांडी आडवी दिसली की फिटरने बिनधास्त जोड सोडायचा. ते वाचल्यापासून जेवण जात नाही. सम्राट ती दांडी पूर्ण आडवी करणार नाही बाई. कुणीच करणार नाही. थोडी तिरकी ठेवतील, लांबून आडवीच दिसेल, आणि बारदान मात्र नवीन स्टेशनात कुणी टांगणार नाही.

माझी लाज वाटली तर समजून घेईन.

गणपती


शाहूपुरी
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

मामा,

पत्र काल मिळालं. तुमच्यावर रागावले आहे आणि ते लपवत नाही. मी तीन वह्या घेऊन दहा माणसांसमोर उभी राहिले होते. आण्णांचं वाचल्यावर मात्र राग कुठे ठेवायचा तेच कळेना. रात्रभर सातचे आकडे डोळ्यांपुढून जात होते.

आज सकाळी साहेबांना भेटले. तुमचं नाव न घेता म्हटलं, नोंदी विश्वासाच्या नाहीत, पिंच वॉल्व घेऊ. रबरी नळी खड्यांवरही दाबून बसते, अडकायची भीती नाही, म्हणून माणसं तो खरंच पूर्ण बंद करतील. आणि आत लोखंड नाही, खाच नाही, चुना बसायला जागा नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पंचवीस वर्षांच्या नोंदी एकीकडे आणि तुमचा अंदाज एकीकडे. पुरावा आणा. महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही. हंगाम संपला की चाचणीला चुना कुठून आणणार?"

सम्राटला विचारलं. खाली बघून म्हणाला, "मॅडम, मी वहीत लिव्हतो तसंच करतो." तो खोटं बोलतोय हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. घाबरलाय. त्याची दोन मुलं शाळेत आहेत, नोकरी कंत्राटी. मी काय जबरदस्ती करणार?

माझ्याकडे पुरावा एकच आहे, तुमचं पत्र. ते मी दाखवू शकत नाही. दाखवलं तर तुमचं नाव जाईल, स्टोअरकीपर पुन्हा कधी उठून उभा राहणार नाही. नाही दाखवलं तर बॉल वॉल्ववर सही करायची, नाहीतर ही नोकरी सोडायची. काय करू ते सुचत नाही.

दीक्षा


गारगोटी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास,

पत्र दाखव. साहेबाला नंतर, आधी सम्राटला. त्याची झेरॉक्स काढ आणि चुन्याच्या स्टेशनात, जिथे बारदान टांगतात, तिथेच चिकटव. पूर्ण पत्र, आण्णासकट, घड्याळासकट. खाली माझं नाव झाकू नकोस.

सम्राट खोटं बोलत नाही, तो आमच्यासारखाच वागतोय. आपल्याआधी कुणीतरी बोललेलं दिसलं की माणूस बोलतो. मला तसं कुणी दिसलं नाही, आणि मीही कुणाला दिसलो नाही. चौतीस वर्षं तिथे होतो, एवढं एक काम राहिलं होतं.

स्टोअरकीपर बसून राहिला तरी चालेल. उगाच उठून त्याचे गुडघे दुखायचे.

मामा


शाहूपुरी
रविवार, २ मार्च २०२५

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

१७ तारखेला पत्र चिकटवलं. शेजारी नवी कोरी वही ठेवली. तिच्यात 'पूर्ण बंद' असा रकानाच ठेवला नाही. वर एवढंच लिहिलं, "वॉल्व कुठे ठेवला, ते जसं असेल तसं लिहा. कुणाला बोलणार नाही. दीक्षा." आणि सही केली. म्हणजे माझी पहिली सही वॉल्वच्या यादीवर झालीच नाही, त्या वहीवर झाली.

पहिले चार दिवस वही कोरी. मी रोज जायची, पान उलटायची आणि परत यायची. सम्राट चिकटवलेल्या पत्राकडे पाठ करून काम करायचा. दुसऱ्या पाळीचे लोक येऊन वाचून जायचे, मोठ्याने, एकमेकांना. कुणीतरी पेनाने आण्णांच्या नावाखाली रेघ मारली होती.

पाचव्या दिवशी सकाळी एक ओळ होती. अक्षर वेडंवाकडं, खाडाखोड केलेली. "९.१५. बंद कराय गेलो. पूर्ण बंद होत न्हाय. दोन आटे उघडा ठेवला. सम्राट." मी तिथेच खुर्ची ओढून बसले. दुपारच्या पाळीने लिहिलं, "दीड आटा." रात्रपाळीने लिहिलं, "दोन. बारदान फाटलंय, नवं द्या." त्यानंतर थांबलेच नाहीत मामा. पाणी कधी मारलं, कधी नाही मारलं, कुठला बोल्ट झिजलाय, सगळं. आठवड्याभरात बावीस पानं भरली.

ती बावीस पानं आणि तुमचं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग बॉल वॉल्वचा कागद उचलून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पिंच लिहा. आणि दर हंगामाची नळी आत्ताच यादीत टाका, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी जुनीच वापरेल." २८ तारखेला सही केली.

तुमच्या वह्या स्टोअरकीपरने परत कपाटात ठेवल्या. मी सुट्टीला येते आहे, मामीला सांगा, भात करून ठेव.

तुमची,
दीक्षा


गारगोटी
२० मार्च २०२५

चि. दीक्षास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तू येऊन गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी आण्णाकडे गेलो. भिंतीवरचं घड्याळ काढून पिशवीत घातलं होतं. कशाला घातलं ते विचारू नकोस, रिकाम्या हाताने जाववेना.

त्याला पत्राची झेरॉक्स दिली. त्याने दाराशी उभं राहून वाचली. बराच वेळ लागला. त्याची बायको बनाबाई मागे उभी होती, ती माझ्याकडे बघतच नव्हती. मग तो बोलायला लागला. तोंड हलताना दिसत होतं, हातवारे दिसत होते, मानेवरची भाजलेली कातडी ताणली जात होती, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बनाबाई रडत होती. शेवटी खिशातला पेन काढला आणि त्याच पत्राच्या मागच्या बाजूला हात करून म्हटलं, लिहून दे बाबा, शिव्या असल्या तरी लिहून दे. मला वाटलं, मोठं काहीतरी लिहील. डाव्या हाताने लिहायला त्याला वेळ लागला.

त्याने एवढंच लिहिलं, "नवा वॉल्व पूर्ण बंद होतो का?"

मी म्हटलं, अजून बसवला नाही, हंगामात कळेल. त्याने मान हलवली. घड्याळ घेतलं नाही. चहाला बस अशी खूण केली नाही. ते बरोबरच आहे.

पण मला त्याला उत्तर द्यायचंय. बसवलास की मला कळव. मी वाट बघतो.

मामा


शाहूपुरी
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

उशीर झाला, पण गाळप सुरू होऊन तीन आठवडे झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नव्या नळीतून चुना नीट वाहून, खडे नीट बसायला वेळ मिळायला हवा होता.

आज पंप काढायचा होता. सम्राटने वॉल्व पूर्ण दाबला. वहीत लिहिलं. मग सवयीने बारदान आणायला वळला. नव्या स्टेशनात मी खिळा मारून घेतला होता, बारदानही टांगलं होतं, कुणी टांगणार नाही असं तुम्ही लिहिलं होतं म्हणून. फिटर पाना घेऊन पुढे आला. मी त्याला थांबवलं आणि पाना मागून घेतला. सम्राट म्हणाला, "मॅडम, तुमी नगं." मी म्हटलं, सही माझी आहे. डोळ्यांना गॉगल, हातांत लांब मोजे होते, तेवढी अक्कल आहे मला. बारदान बांधलं नाही.

चारही बोल्ट मी सोडले. शेवटच्या बोल्टला पाना दोनदा घसरला. जोड उघडला. आतलं उरलंसुरलं वाटीभर खाली सांडलं आणि थांबलं. मी समोर उभी राहिले. सम्राट घड्याळ बघत होता, दहा मिनिटं. त्यानंतर एक थेंब आला नाही.

मामा, आण्णांना जाऊन सांगा. होतो.

तुमची,
दीक्षा